बटू दीर्घिकांतली मोठी कृष्णविवरे: 'सापडले' कधी म्हणायचे?

मृगशीर्ष

नमस्कार मंडळी,

आपल्या आकाशगंगेच्या मध्यावर सुमारे ४० लाख सूर्यवस्तुमानाचे कृष्णविवर आहे. त्याभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या कक्षाच मोजलेल्या असल्याने तिथे वाद उरलेला नाही. लहान दीर्घिकांचे तसे नाही. ताऱ्यांचे एकूण वस्तुमान ३०० कोटी सूर्यांच्या आत, म्हणजे मोठ्या मॅगेलनी मेघाएवढ्या किंवा त्याहून लहान दीर्घिकांत दहा हजार ते दहा लाख सूर्यवस्तुमानाची विवरे शोधायला गेले की प्रत्येक पद्धतीत कोणी ना कोणी तोतया भेटतो.

स्लोन सर्वेक्षणाचे वर्णपट, वाइज उपग्रहाची अवरक्त मापे, चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीची जुनी निरीक्षणे हे सगळे खुले आहे. या चाळण्या कोणत्या क्रमाने लावायच्या?

एक नमुना ठेवतो. हायड्रोजनच्या एच-अल्फा रेषेला रुंद पाया आहे (म्हणजे वायू फार वेगात आहे), बीपीटी या रेषागुणोत्तरांच्या आलेखावर दीर्घिका तारानिर्मितीच्या बाजूला पडते आणि वाइजचा डब्ल्यू१ वजा डब्ल्यू२ हा दोन अवरक्त पट्ट्यांतला रंग ०.९ आहे. इथे विवर मानायचे का?

वर्णपटवाचक

चाळण्यांच्या आधी यादी नीट करा. नासा-स्लोन ॲटलासमधली वस्तुमाने हबल स्थिरांक (विश्वाच्या प्रसरणाचा दर) १०० धरून दिलेली आहेत. ७० धरायचा असेल तर त्यांना ०.४९ ने भागावे लागते. हे विसरले तर ३०० कोटींची मर्यादा प्रत्यक्षात ६०० कोटींवर जाते आणि यादीत बटू नसलेल्या दीर्घिकाही शिरतात.

दुसरे, प्रत्येक चित्र डोळ्यांनी बघा. जवळच्या मोठ्या सर्पिल दीर्घिकेच्या हातातला एखादा तेजस्वी वायुमेघ संगणक सुटा काढतो आणि 'बटू दीर्घिका' म्हणून नोंदवतो. असे तुकडे हाताने वेचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कृत्तिका

+१, चित्रे बघण्याला पर्याय नाही.

बीपीटी ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी: बाल्डविन, फिलिप्स आणि टर्लेविच यांनी १९८१ मध्ये सुचवलेला हा आलेख. उभ्या अक्षावर ऑक्सिजनची ओ-थ्री ५००७ भागिले हायड्रोजनची एच-बीटा, आडव्यावर नायट्रोजनची एन-टू ६५८३ भागिले एच-अल्फा (आकडे अँगस्ट्रॉममधल्या तरंगलांबीचे). दोन्ही जोड्यांतल्या रेषा तरंगलांबीने एकमेकींच्या शेजारी, म्हणून धुळीमुळे गुणोत्तर फारसे बिघडत नाही. राइन्स, ग्रीन आणि गेहा यांनी २०१३ मध्ये जवळपास २६ हजार बटू दीर्घिकांवर ही चाळणी लावली. सक्रिय (म्हणजे विवर वायू गिळत असलेल्या) किंवा मिश्र (विवर आणि तारानिर्मिती दोन्हींच्या खुणा असलेल्या) म्हणाव्यात अशा १३६ निघाल्या, म्हणजे अर्धा टक्का.

पण आधी ताऱ्यांचा अखंड वर्णपट वजा करायलाच हवा. एच-बीटाच्या उत्सर्जनाखाली ताऱ्यांची शोषणरेषा दडलेली असते. ती काढली नाही तर एच-बीटा कमी भरते, ओ-थ्रीचे गुणोत्तर फुगते आणि साधी तारानिर्मिती करणारी दीर्घिका सक्रिय भागात चढून बसते.

अगस्ती

माझा बीपीटीवर मूळ आक्षेप आहे. हा आलेख मोठ्या, धातुसमृद्ध (हेलियमहून जड मूलद्रव्ये भरपूर असलेल्या) दीर्घिकांवर बेतलेला आहे. बटू दीर्घिकांत नायट्रोजनच कमी. विवर कितीही खात असले तरी एन-टू क्षीण राहते आणि बिंदू डावीकडे सरकतो, नेमका तारानिर्मितीच्या पट्ट्यात. म्हणजे ज्या दीर्घिका शोधायच्या त्याच ही चाळणी आधी टाकून देते. अर्ध्या टक्क्यात विवरे आहेत असे त्यातून निघत नाही. अर्धा टक्का इतकी ठळक आहेत की त्यांना लपता आले नाही, एवढेच निघते.

कृत्तिका

मान्य, अगस्ती. पण चाळणीत सापडलेल्यांवरचा विश्वास त्याने कमी होत नाही. तिचा दोष गाळण्याचा आहे, खोटे पकडण्याचा त्या मानाने कमी. खोटे पकडणाऱ्या चाळण्या वेगळ्या आहेत, त्यांच्याकडे येऊच.

नायट्रोजन टाळायचा तर ऑक्सिजनची ओ-वन ६३०० किंवा गंधकाच्या एस-टू ६७१६ व ६७३१ घेऊन आलेख काढा. हेलियम-टू ४६८६ ही रेषाही उपयोगी, तिला ५४.४ इलेक्ट्रॉनव्होल्टचे फोटॉन लागतात. मात्र वुल्फ-रायेट (अतितप्त, जड) तारेही ती देतात. ४६५० च्या आसपास रुंद फुगवटा दिसला तर तिथे तारेच आहेत असे आधी समजावे.

दूरदर्शी

क्ष-किरण सगळ्यात स्वच्छ नाहीत का? वायूचे धातुप्रमाण, धूळ ही भानगडच नको.

क्ष_वेध

दूरदर्शी, तिथला तोतया सगळ्यात पक्का. हिशेबच करू.

एका सूर्यवस्तुमानाला एडिंग्टन मर्यादा, म्हणजे स्वतःच्या प्रकाशदाबाने वायू उडवून न लावता गाठता येणारी कमाल तेजस्विता, १.२६×१०^३८ अर्ग प्रति सेकंद. विवर एक लाखाचे धरले तर मर्यादा १.२६×१०^४३. बहुतेक विवरे या मर्यादेच्या फार खाली चालतात. एक टक्का धरला तर १.२६×१०^४१, त्यातला दहावा भाग क्ष-किरणांत आला तर साधारण १०^४०.

आता तोतया. २ ते १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट पट्ट्यात क्ष-किरण जोडताऱ्यांची (जोडीदार ताऱ्याचा वायू ओढणाऱ्या लहान विवरांची किंवा न्यूट्रॉन ताऱ्यांची) एकत्रित तेजस्विता वर्षाला १ सूर्यवस्तुमान तारानिर्मितीमागे सुमारे १.६×१०^३९ असते. धातुप्रमाण कमी असेल तर कित्येक पट जास्त. शिवाय एकटादुकटा अतितेजस्वी जोडतारा १०^४० ला सहज टेकतो. म्हणजे एक टक्क्यावर चालणारे लाखाचे विवर आणि भुकेला जोडतारा एकाच पातळीवर आले. विवर आणखी शंभर पट मंद असेल तर क्ष-किरणांवरून त्याला ओळखायचा मार्गच उरत नाही.

म्हणून नियम असा: दीर्घिकेचा तारानिर्मिती दर आणि वस्तुमान यांवरून जोडताऱ्यांची अपेक्षित तेजस्विता काढा, तिच्यातली नैसर्गिक तफावत धरा, आणि त्याहून स्पष्ट वर असेल तरच पुढे जा. स्थान चंद्रा दुर्बिणीचेच हवे, सुमारे अर्ध्या आर्कसेकंदापर्यंत (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) पक्के. केंद्रापासून ३० आर्कसेकंदांत कुठेही सापडलेला स्रोत चालवून घेतला तर २ आर्कसेकंदांच्या मानाने २२५ पट क्षेत्र तपासल्यासारखे होते, आणि मागच्या दूरच्या क्वेसारचा (दूरच्या तेजस्वी सक्रिय गाभ्याचा) योगायोगही तितकाच वाढतो.

अगस्ती

क्ष_वेध, स्थानाच्या नियमावर थांबा. बटू दीर्घिकांना धड केंद्र असते कुठे? गुरुत्वाची विहीर उथळ, एखाद्या टकरीनंतर विवर बाजूला फेकले गेले की मध्यावर परतायला विश्वाच्या वयाएवढा काळ लागू शकतो. संगणकीय सादृश्यांत बटू दीर्घिकांतली निम्मी विवरे केंद्राबाहेर भटकताना दिसतात. २ आर्कसेकंदांचा नियम लावला तर ती सगळी हातची गेली.

रेडिओकान

भटक्यांवरून रेडिओकडे येतो, कारण तिथे हा प्रश्न प्रत्यक्ष तपासला गेला. राइन्स आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये १११ बटू दीर्घिकांकडे व्हीएलए ही रेडिओ दुर्बीण रोखून १३ संशयित काढले. त्यांतले बरेच केंद्रापासून लांब होते. पुढे खंडव्यापी दीर्घ आधाररेषेच्या रेडिओ जाळ्याने हे १३ पुन्हा पाहिले तेव्हा ४ दिसले, आणि तेही केंद्रापासून सगळ्यात लांबचे. ते खरेच भटके असतील किंवा मागच्या दीर्घिकांतले सक्रिय गाभे असतील, आणि दुसरी शक्यता जड आहे. म्हणजे अगस्ती भटक्यांबद्दल बरोबर असले तरी भटका सिद्ध करायला केंद्रस्थापेक्षा जास्त पुरावा लागतो. त्या बिंदूवरच वर्णपट घेऊन ताम्रसृती (अंतर सांगणारे रेषांचे सरकणे) दीर्घिकेशी जुळते का पाहणे हाच उपाय.

रेडिओत निवडीचे टप्पे असे. दोन वारंवारितांवर मापून वर्णक्रमाचा उतार काढा. उतार -०.१ च्या आसपास आला तर तरुण ताऱ्यांनी तापवलेला वायू, -०.७ आला तर सिंक्रोट्रॉन (चुंबकीय क्षेत्रातल्या अतिवेगवान इलेक्ट्रॉनांचे प्रारण). पण सिंक्रोट्रॉन अतिनवताऱ्याच्या अवशेषातूनही येते, म्हणून उतारावर थांबू नका. दीप्ती-तापमान (स्रोताच्या आकाराच्या मानाने रेडिओ तेज किती दाट, याचे माप) लाख केल्व्हिनच्या बरेच वर असेल तर साधा तापलेला वायू बाद. उरतो कोवळा अतिनवतारा, तो काही वर्षांत क्षीण होतो.

आणि दोन्ही मापांत किरणपुंजाचा (दुर्बीण एका वेळी बघते त्या ठिपक्याचा) आकार सारखा ठेवा. एकात २ आर्कसेकंद आणि दुसऱ्यात ६ असेल तर मोठ्या पुंजात आजूबाजूचा पसरलेला प्रकाश शिरतो आणि उतार खोटा येतो. नवख्यांची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

स्वाती_न

हेनाइझ २-१० चा उल्लेख अजून कसा नाही? सुमारे ३ कोटी प्रकाशवर्षांवरची तारास्फोट दीर्घिका. २०११ मध्ये तिच्यात रेडिओ आणि क्ष-किरण दोन्हींचा एकाच जागी स्रोत सापडला आणि मोठ्या विवराचा दावा झाला. नंतर चंद्रा दुर्बिणीच्याच वर्णपटावरून 'हा अतिनवताऱ्याचा अवशेषही असू शकतो' असा प्रतिवाद आला. २०२२ मध्ये हबलच्या वर्णपटाने त्या जागेपासून निघून तरुण ताऱ्यांपर्यंत जाणारा सुमारे १५० पार्सेक (एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षे) लांबीचा वायूचा तंतू दाखवला. त्याचा वेग वर-खाली लाटेसारखा बदलतो, भोवऱ्यासारख्या डोलणाऱ्या झोतातून यावा तसा. एकेकटा पुरावा लटका होता, स्थान एक आणि मार्ग तीन जुळल्यावर पारडे झुकले.

शिवाय विवर तारानिर्मिती दाबतेच असे नाही, इथे त्या झोताच्या टोकाशी तारे जन्मलेले दिसतात.

ध्रुवपद

सगळे प्रकाशाच्याच मागे. वस्तुमान थेट गतीवरून का मोजत नाही?

वर्णपटवाचक

ध्रुवपद, अंतर आडवे येते. विवराचा प्रभावगोल म्हणजे गुरुत्वस्थिरांक गुणिले वस्तुमान भागिले ताऱ्यांच्या वेगविखुरणाचा (वेग एकमेकांपासून किती वेगळे, याचा) वर्ग. लाखाचे विवर आणि सेकंदाला ३० किलोमीटर विखुरण घेतले तर त्रिज्या येते सुमारे ०.४८ पार्सेक. १.३ कोटी प्रकाशवर्षांवर ती आकाशात ०.०२५ आर्कसेकंद दिसते, हबलच्या नजरेपेक्षाही बारीक. म्हणून गतीची मापे शेजारपाजारच्या मोजक्या दीर्घिकांपुरतीच.

पण जिथे जमते तिथे ती बोलकी आहेत. शेजारच्या एम३२ या लहान दीर्घिकेत सुमारे २५ लाखांचे विवर आहे. एम३३ मध्ये, जी एम३२ हून मोठी आहे, १,५०० सूर्यवस्तुमानाच्या वर काहीही असू शकत नाही. त्या एका 'नाही'ला शंभर 'आहे'इतके मोल आहे. दीर्घिका आहे म्हणून मध्यभागी मोठे विवर असलेच पाहिजे, हा समज त्याने मोडला.

दूरदर्शी

अवांतर: ओमेगा सेंटॉरीचे काय? तो तर तारागुच्छ ना?

स्वाती_न

अवांतर नाही, विषयातलेच आहे. ओमेगा सेंटॉरी हा बहुधा आकाशगंगेने गिळलेल्या बटू दीर्घिकेचा उरलेला गाभा. हबलच्या वीस वर्षांच्या पाचशेहून जास्त चित्रांतून तिथे मध्याजवळ सात तारे इतके वेगवान सापडले की गुच्छाने त्यांना कधीच सोडून द्यायला हवे होते. त्यांना धरून ठेवायला किमान ८,२०० सूर्यवस्तुमान लागते. हा निष्कर्ष २०२४ चा. एम६०-यूसीडी१ या अतिशय दाट, लहानशा दीर्घिकेत तर २ कोटींचे विवर आहे, त्या इवल्या दीर्घिकेच्या वस्तुमानाच्या सुमारे १५ टक्के. बाहेरचे तारे ओरबाडले गेले, विवर होते तिथेच राहिले.

मृगशीर्ष

सगळ्यांचे आभार. रुंद एच-अल्फावरून वस्तुमान काढतात त्यावर किती भरवसा ठेवायचा? एनजीसी ४३९५ साठी चाळीस पट फरकाची दोन उत्तरे दिसतात.

वर्णपटवाचक

एनजीसी ४३९५ वरच करून दाखवतो, सगळ्या अडचणी तिथे एकत्र भेटतात. १९८९ मध्ये फिलिपेंको आणि सार्जंट यांनी तिचा गाभा सक्रिय असल्याचे दाखवले. मध्यवर्ती फुगवटा नसलेली, १.४ कोटी प्रकाशवर्षांवरची दीर्घिका.

पद्धत अशी: मध्यावरचा प्रकाश लुकलुकला की काही वेळाने भोवतालचा वायू त्याला प्रतिसाद देतो. २०१९ च्या मापनात एच-अल्फाचा हा उशीर ८३ मिनिटे आला. सूर्याचा प्रकाश शनीपर्यंत पोचायला साधारण ८० मिनिटे लागतात. म्हणजे रुंद रेषा देणारा तो वायू शनीच्या कक्षेएवढ्या जागेत फिरतोय, आणि आपण तो १.४ कोटी प्रकाशवर्षांवरून मोजतोय. त्रिज्या १.४९×१०^१२ मीटर. रेषेची रुंदी सेकंदाला ४२६ किलोमीटर. त्रिज्या गुणिले वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वस्थिरांक म्हणजे साधारण २,०४० सूर्यवस्तुमान. वायूची मांडणी माहीत नसल्याने जो गुणक लावतात तो ४.४७, म्हणून उत्तर ९,१००.

२००५ मध्ये अतिनील कार्बन-फोर रेषेवरून ३,६०,००० आले होते. उशीर तिथेही तासाभराचाच, मग फरक कुठला? ती रेषा कितीतरी रुंद होती, आणि वेगाचा वर्ग होतो. वेगात सहा पट फरक म्हणजे वस्तुमानात छत्तीस पट. कार्बन-फोर देणारा वायू कक्षेत फिरत नसून बाहेर वाहत असेल तर त्याचा वेग वस्तुमान सांगतच नाही. वायूच्या गतीवरून काढलेले स्वतंत्र उत्तर मात्र ४ लाखांच्या जवळ आहे, म्हणून वाद मिटलेला नाही.

एकाच वर्णपटावरून सूत्राने काढलेल्या वस्तुमानात दोन्ही बाजूंना तिप्पट तफावत गृहीत धरा. उदाहरणार्थ रुंद एच-अल्फाची तेजस्विता १०^३९ आणि अर्ध्या उंचीवरची रुंदी सेकंदाला १,००० किलोमीटर असेल तर उत्तर सुमारे दीड लाख. ते ५० हजार ते साडेचार लाख असेच वाचावे.

कृत्तिका

रुंद घटक खराच आहे का, हे आधी ठरवा. एच-अल्फाच्या दोन बाजूंना एन-टूच्या दोन रेषा असतात, तिन्हींचे पाय एकमेकांत मिसळले की खोटा रुंद पाया तयार होतो. म्हणून अरुंद रेषेचा आकार एस-टूच्या जोडीवरून घ्या, तोच एन-टू आणि एच-अल्फाला लावा, एन-टूच्या दोन रेषांचे प्रमाण १ ला ३ असे बांधून टाका. नंतरच रुंद घटक जोडा. जुळणीतली त्रुटी २० टक्क्यांनी तरी घटली आणि रुंदी ५०० च्या वर असली तरच ठेवा.

उलटही होते. आरजीजी ११८ मध्ये, जिथे विवर सुमारे ५० हजारांचे निघाले, रुंद घटक स्लोनच्या वर्णपटात ठरवता आला नव्हता. जास्त विभेदनाचा वर्णपट घेतल्यावर तो उघड झाला.

अगस्ती

आणि अतिभारित (खूप इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंच्या) रेषा? आयर्न-टेन ६३७४ ला सुमारे २३५ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. तारे तिथवर पोचत नाहीत.

कृत्तिका

तारे नाही, पण दाट वायूत फुटलेले काही अतिनवतारे पोचतात, २००५आयपी हा ठळक दाखला. शिवाय ६३६४ वर ओ-वनची धाकटी रेषा उभी असते, तिला ६३०० च्या एक तृतीयांशावर बांधल्याशिवाय ६३७४ मोजू नका. निऑन-फाइव्हही, ९७ इलेक्ट्रॉनव्होल्टची, एसबीएस ०३३५-०५२ई सारख्या अतिशय धातुगरीब दीर्घिकेत दिसते आणि तिथे धक्कालहरींचेही स्पष्टीकरण दिले गेले आहे.

ध्रुवपद

मग लुकलुक? ती तर ताऱ्यांना नक्कल करता येत नाही.

क्ष_वेध

लुकलुक मलाही सगळ्यात आवडते, पण वेळापत्रक जुळले पाहिजे. विवर लहान तितकी लुकलुक जलद. टेस उपग्रहाने एनजीसी ४३९५ साठी मोजलेला कालखंड २.३ दिवस. महिन्यातून एकदा चित्र घेतले तर बिंदू इतस्ततः पडतात, त्यांतला संबंध दिसत नाही आणि सगळे मापनदोषात जमा होते. रोजची चित्रे हवीत, आणि चित्रातून चित्र वजा करूनच मापा, नाहीतर दीर्घिकेच्या स्थिर प्रकाशात ती लुकलुक बुडून जाते. एकदाच चढून कायमचा उतरला तो बदल अतिनवतारा, किंवा विवराने फाडलेला तारा. २०२०एनईएच हा असा तारा-फाड प्रसंग बटू दीर्घिकेतच झाला होता, आणि त्याने निपचित विवराचा ठावठिकाणा सांगितला.

स्वाती_न

हे सगळे करण्यामागचा प्रश्नही लिहून ठेवते. पहिल्या ताऱ्यांनी शंभरेक सूर्यवस्तुमानाची बीजे सोडली असतील तर ती जवळपास सगळीकडे असायला हवीत. वायूचा ढग थेट कोसळून दहा हजार ते लाखाची बीजे झाली असतील तर ती मोजक्याच ठिकाणी. मोठ्या दीर्घिकांत विलीनीकरणांनी हा इतिहास पुसला गेला, बटू दीर्घिकांत तो बराच जसाच्या तसा आहे. डेसी या वर्णपट सर्वेक्षणाने २०२५ मध्ये सुमारे १,१५,००० बटू दीर्घिकांतून अडीच हजार सक्रिय उमेदवार काढले, म्हणजे २.१ टक्के. स्लोनच्या चौपट. त्याचे एक कारण म्हणजे दुर्बिणीतून प्रकाश वर्णपटाकडे नेणारा काचतंतू बारीक झाला. स्लोनचा ३ आर्कसेकंदांचा, डेसीचा १.५, त्यामुळे गाभ्यात आजूबाजूचा ताऱ्यांचा उजेड कमी मिसळतो. २.१ टक्के ही खाणाऱ्यांची संख्या आहे, असणाऱ्यांची नव्हे.

मृगशीर्ष

आता माझ्या नमुन्याकडे येऊ या का? रुंद एच-अल्फा, बीपीटीवर तारानिर्मिती, वाइज रंग ०.९.

कृत्तिका

माझे मत: तूर्त नाही.

वाइजचा ०.८ हा निकष मोठ्या दीर्घिकांसाठीचा. बटू दीर्घिकेत कोवळ्या तारास्फोटाने तापलेली धूळही ०.८ ओलांडते, त्यात वाइजची नजर सहा आर्कसेकंदांची, म्हणजे शेजारच्या स्रोताचाही उजेड आत. तो रंग पुराव्यातून काढूनच टाका.

रुंद एच-अल्फा उरते. २०१६ मध्ये बाल्डासारे आणि सहकाऱ्यांनी नेमक्या अशाच, बीपीटीवर तारानिर्मितीत पडणाऱ्या १६ दीर्घिका काही वर्षांनी पुन्हा पाहिल्या. ११ मध्ये रुंद घटक विरून गेला होता. ते बहुधा अतिनवतारे होते. सक्रिय भागात पडणाऱ्यांत मात्र तो बहुतेक टिकून होता.

क्ष_वेध

सहमत. नवा वर्णपट घ्या, क्ष-किरण नंतर.

मृगशीर्ष

डेसीचे पहिले विदा-प्रकाशन खुले आहे. त्यात तीच दीर्घिका मिळाली तर स्लोनशी थेट तुलना करता येईल? तंतूचा आकार वेगळा, म्हणून विचारतो.

वर्णपटवाचक

येईल, गुणोत्तरे मात्र घेऊ नका. अरुंद रेषा पसरलेल्या वायूतून येतात, बारीक तंतूत त्या आपोआप कमी भरतात. रुंद घटक बिंदूवत असतो, तंतू केंद्रावर असेल तर त्याचा प्रकाश दोन्हींत जवळपास तेवढाच यायला हवा. म्हणून रुंद घटकाचा निव्वळ प्रकाशप्रवाह बघा. पाव-अर्धा फरक दृश्यतेने आणि मापनदोषाने पडू शकतो, त्यावर काही ठरवू नका. दहाव्या हिश्श्यावर आला असेल तर ती दीर्घिका यादीतून काढा. टिकून असेल तर चंद्रा दुर्बिणीच्या साठ्यात तिचे स्थान शोधा, आणि मग हाच धागा वर आणा.